नागपुरात विजेची टॅक्सी घेताय? चार्जरच्या आधी आर्थिंग बघा

मी वायरिंगचा लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर. घरं, दुकानं, सोसायट्यांचे पॅनल हे जुनं काम. आता त्यात गाड्यांच्या चार्जिंगची भर पडली आहे. फोन येतो तो बहुतेक एकाच प्रश्नाचा: "भाऊ, किती किलोवॅटचा चार्जर घेऊ?" मी उलट विचारतो, "गाडी रात्री कुठं उभी राहते, आणि किती वाजता येते?" यावर बरेच लोक अडखळतात. टॅक्सीवाले तर नक्कीच. पण सगळं गणित इथूनच सुरू होतं. गाडीला रात्री मुक्कामाच्या जागी भरवशाची वीज असेल, तर दिवसा शहरात चार्जर शोधत फिरायची पाळी फार कमी वेळा येते. ती नसेल, तर कितीही भारी फास्ट चार्जर जवळ असू द्या, धंदा त्याच्या रांगेवर चालेल.

हे नागपूरला वेगळं सांगायला नको. मे २०१७ मध्ये विजेच्या टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग इथंच, विमानतळावर, गडकरी आणि फडणवीसांच्या हस्ते सुरू झाला होता. २०० गाड्यांची योजना होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलच्या पंपावर चार्जिंग स्टेशनही उघडलं. पण तेव्हाच्या गाड्यांचा पल्ला छोटा, चार्जिंगच्या जागा मोजक्या, आणि सगळ्यांना भूक एकाच वेळी लागायची. ड्रायव्हर लोकांचे तासन् तास रांगेत गेले आणि त्याच्या बातम्याही झाल्या. आज गाड्या बऱ्याच सुधारल्या आहेत. रांगेचं गणित मात्र तेच आहे.

आधी युनिट मोजा

कागद-पेन घ्या. छोटी विजेची सेडान एसी लावून, नागपूरच्या ट्रॅफिकमध्ये एका युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर जाते असं धरा. कंपनीचा आकडा यापेक्षा मोठा असतो, तो विसरा. टॅक्सी दिवसाला १५० किलोमीटर फिरली तर बॅटरीतून २३ युनिट गेले. चार्जिंग करताना दहा-बारा टक्के वीज गरम होण्यात जाते, म्हणजे मीटरवर पडले २६. महिन्याचे २६ दिवस गाडी चालली तर पावणेसातशे युनिट. घरच्या मीटरवर १००, ३०० आणि ५०० युनिटला दराची पायरी चढते. म्हणजे एकटी टॅक्सीच सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन बसवते, घरचे पंखे-फ्रिज वेगळे.

घरची गाडी असेल तर गोष्ट साधी आहे. ऑफिस धंतोलीला, घर बेसा रोडला, रोजचे तीस किलोमीटर. पाच युनिट रोज, दीडशे महिन्याला. त्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही. आपली गाडी आपल्या घरच्या मीटरवर लावली तर दर घरगुतीच लागतो आणि तसं करायला परवानगी आहे. केंद्राच्या चार्जिंगविषयीच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलं आहे. टीओडी मीटर, म्हणजे वेळेप्रमाणे दर लावणारा मीटर, बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात सवलतही मिळते, म्हणून रविवारी गाडी दुपारी लावा.

टॅक्सीवाल्याने मात्र महावितरणच्या उपविभागात जाऊन वेगळ्या जोडणीबद्दल विचारावं. चार्जिंग स्टेशनसाठी वीज नियामक आयोगाने वेगळा दरवर्ग ठेवला आहे आणि त्यात घरगुती मीटरसारख्या पायऱ्या नाहीत. दोन-तीन टॅक्सीवाले मिळून एका प्लॉटवर गाड्या लावत असतील तर हा रस्ता सगळ्यात फायद्याचा. अर्ज करताना कोणत्या वर्गात जोडणी देत आहेत ते कागदावर लिहून घ्या. तोंडी "हो हो, होऊन जाईल" यावर वायर ओढू नका.

किती किलोवॅट?

आता वेळ. साध्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरून गाडी तीन किलोवॅटच्या आसपास वीज घेते. २६ युनिट भरायला साडेआठ तास. रात्री साडेनऊला लावली तर सकाळी सहाला तयार. पण जो साडेबाराला घरी येतो आणि पाच वाजता रेल्वे स्टेशनच्या सवारीसाठी निघतो, त्याच्या हातात साडेचार तास. त्यात तेरा-चौदा युनिट जातील, म्हणजे निम्मी गरज. अशा माणसाला ७.२ किलोवॅटचा चार्जर सुचतो. तो घेण्याआधी गाडीचं पुस्तक उघडा. घरच्या साध्या विजेवर, म्हणजे एसी चार्जिंगमध्ये, खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीवरचा डबा फक्त वीज पोचवतो आणि पहारा देतो. गाडीतला चार्जर ३.३ चा असेल तर भिंतीवर ७.२ चा डबा लावून एक मिनिटही वाचत नाही. टॅक्सीसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त मॉडेलांत हा प्रकार हमखास दिसतो. शोरूमवाला सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही.

वापरलेली टॅक्सी घेत असाल तर प्लगचं तोंड पण बघा. आज बाहेरच्या डीसी फास्ट चार्जिंगला सीसीएस-२ नावाचा प्लग चालतो. कंपन्यांच्या ताफ्यातल्या काही जुन्या गाड्यांना जीबी/टी हा वेगळा प्लग आहे, त्याचे चार्जर १५ किलोवॅटचे आणि दिवसेंदिवस कमी होत चाललेले. अशी गाडी स्वस्त मिळते ती उगीच नाही.

आर्थिंग: इथं घाई करू नका

माझा भाचा टॅक्सी चालवतो. एकदा एप्रिलच्या शेवटी रात्री त्याचा फोन आला. "मामा, गाडी चार्जच घेऊन नाही राहिली. लाल लाइट दाखवते. चार्जर खराब दिला त्यांनी." मी गेलो, मीटर लावला. फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट. फेज-अर्थ १७० च्या आसपास, तेही स्थिर नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात पन्नाशीच्या वर व्होल्ट. चार्जर एकदम ठणठणीत होता. तो त्याचं काम करत होता: अर्थ नाही, वीज देणार नाही.

नागपुरात हे दर उन्हाळ्यात होतं आणि कारण पायाखाली आहे. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती. पावसात ती ओल धरते, तेव्हा आर्थिंग झकास लागतं. एप्रिल-मेमध्ये तीच माती सुकते, तडकते, आक्रसते आणि रॉडपासून सुटते. बोट जाईल एवढी फट पडते. रॉड जमिनीत असतो, पण जमिनीला चिकटलेला नसतो. पश्चिमेकडे, सेमिनरी हिल्सच्या बाजूला, अडचण वेगळी: दोन-तीन फुटांवर मुरूम, मग खडक. तिथं रॉड ठोकणारा पोरगा अर्ध्यावर थकतो, उरलेला रॉड कापतो आणि वरून सिमेंट फिरवतो. डिसेंबरात तपासलं तर दोन्ही पास.

म्हणून हे करा. आर्थिंग जुनं असेल तर चार्जिंगसाठी वेगळा खड्डा घ्या, मीटरपासून फार लांब नको. रॉडच्या भोवती बेंटोनाइटसारखं ओल धरणारं कंपाउंड भरा. नुसता मीठ-कोळसा पहिली दोन वर्षं चालतो, मग मीठ वाहून जातं आणि रॉड गंजतो. वर झाकणाचा चेंबर ठेवा आणि त्यात पाणी ओतायला पाइप. अर्थ टेस्टरवर पाच ओहमच्या खाली आकडा मागा, आणि तो उन्हाळ्यात एकदा पुन्हा मोजून घ्या. होळीपासून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी त्या पाइपात घाला. कूलर भरता त्याच वेळी घातलं की लक्षात राहतं.

घरी मल्टिमीटर असेल तर स्वतः बघता येतं, हात कोरडे आणि पायात चप्पल ठेवून. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हे मोजताना घरात एखादा जड लोड चालू ठेवा, गिझर किंवा इस्त्री. रिकाम्या लाइनवर सगळंच चांगलं दिसतं. मल्टिमीटर जमत नसेल तर तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, तो गाडीत टाकून ठेवा.

आता एक जुगाड सांगतो, तो करू नका म्हणून. लाल लाइट आला की काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून छोटा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. लाइट हिरवा, गाडी चार्ज, पाचशे रुपये खिशात. पण मागे कुठं न्यूट्रल तुटला किंवा कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले की गाडीचा पत्रा २३० व्होल्टवर जातो. टायर रबरी, त्यामुळे वीज जमिनीत उतरत नाही. उतरते ती सकाळी पाणी मारून गाडी धुणाऱ्याच्या अंगातून. सॉकेट उघडून बघा, असा तुकडा दिसला तर त्या माणसाला परत घरात घेऊ नका.

वायर, सॉकेट, डब्बी

घरातला १६ अँपिअरचा पांढरा सॉकेट गिझरसाठी ठीक आहे, कारण गिझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तोच करंट आठ-आठ तास ओढते. आधी सॉकेटच्या एका भोकाभोवती पिवळसर डाग येतो, मग प्लॅस्टिक मऊ पडतं, जळक्या मासळीसारखा वास येतो. प्लग काढताना पिन गरम लागली तर त्या दिवसापासून तो सॉकेट बंद. पार्किंगमध्ये निळा औद्योगिक सॉकेट लावा, झाकणाचा. खर्च थोडा जास्त येतो, पण पकड पक्की राहते.

१६ अँपिअरच्या पॉइंटला मीटरपासून थेट वेगळी लाइन, तांब्याची, चार चौरस मिलिमीटर. मध्ये कुठंही जोड नको, दुसरा पॉइंट नको. ७.२ किलोवॅटला कमीत कमी सहा, आणि पार्किंग लांब असेल तर दहा. एमसीबी अनुक्रमे २० आणि ४० अँपिअरचा, सी कर्व्ह. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, लागतोच, त्यावर वाद नाही. घेताना त्याच्या तोंडावरचं चिन्ह बघा. नुसती एक नागमोडी लाट असेल तर तो एसी टाइप, गाडीला चालत नाही. लाटेखाली छोट्या कमानी काढलेल्या असतील तर ए टाइप, तो घ्या. इतवारीत मागितलं की आधी हातात एसी टाइपच ठेवतात, कारण तोच खपतो. गाडी इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर लावायच्या भानगडीत पडू नका. बहुतेक वेळा न्यूट्रल तरंगता, म्हणजे जमिनीशी न जोडलेला, असतो आणि चार्जर नकार देतो.

मग मंजूर भार. तो बिलावर छापलेला असतो. उन्हाळ्यात नागपूरच्या घरात दोन कूलर, एक एसी, पाण्याची मोटर, आणि वर तीन किलोवॅटची गाडी. मंजूर भार तीन किलोवॅटचा असेल तर हे बसत नाही. वाढीव भाराचा अर्ज ऑनलाइन होतो, सोबत कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. ७.२ चा चार्जर आणि घर मिळून बहुतेकांना थ्री-फेज घ्यावंच लागतं. घेतल्यावर गाडी एका फेजवर आणि एसी दुसऱ्या फेजवर जाईल असं वाटून घ्या, नाहीतर थ्री-फेजचे पैसे भरून एकाच फेजवर सगळं घर लटकलेलं असतं.

सोसायटीत

इथं वायरपेक्षा माणसं जास्त वेळ खातात. नव्या इमारतींसाठी केंद्राच्या नमुना बांधकाम नियमांत २०१९ पासून वीस टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवण्याची तरतूद आली. जुन्या सोसायटीत बोलणी तुम्हालाच करावी लागतात. अध्यक्षकाकांची भीती साधारण दोन गोष्टींची असते: आग, आणि बिल कोण भरणार. दोन्हींची उत्तरं कागदावर न्या. आपल्या फ्लॅटच्या मीटरपासून वेगळी लाइन, पाइपातून, मार्ग आखलेला, आरसीसीबी आणि टेस्ट रिपोर्टसह, एवढं दाखवलं की निम्मा विरोध मावळतो. चार-पाच गाड्या होणार असतील तर सोसायटीच्या नावाने एकच चार्जिंगचा मीटर आणि प्रत्येकाला सबमीटर बरा पडतो. कॉमन लाइटच्या मीटरवरून "तात्पुरता" पॉइंट घेऊ नका. त्यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, दिवाळीचा फराळसुद्धा बंद होतो.

चार्जरचा डबा किती उंचीवर लावायचा हे सप्टेंबर २०२३ नंतर नागपूरला समजवावं लागत नाही. अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरात शिरली, तळमजल्यावरच्या गाड्या बुडाल्या. पार्किंग सखल असेल तर डबा आणि सॉकेट छातीच्या वर, केबल खाली लोंबकळणार नाही अशी. आणि एमसीबीची डब्बी वरच्या मजल्यावर किंवा मीटर रूममध्ये, म्हणजे पाण्यात न उतरता बंद करता येते.

दिवसा बाहेर चार्ज करताना

टॅक्सीवाल्याला दुपारी चार्जिंगचा एखादा हप्ता लागतोच. डीसी चार्जरवर २० टक्क्यांवरून ८० पर्यंत भरा आणि निघा. ऐंशीच्या पुढं बॅटरी स्वतःच वेग कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी थांबणं म्हणजे दोन सवाऱ्या सोडणं. मागं उभा असलेलाही शिव्या घालतो, आणि बरोबरच घालतो.

ॲप दोन-तीन ठेवा, कारण प्रत्येक कंपनीचा चार्जर दुसऱ्याच्या नकाशावर दिसेलच असं नाही. सरकारचं ईव्ही यात्रा हे ॲपही आहे. पण हिरवा ठिपका बघून वर्धा रोडवरून कामठी रोडला धावू नका. शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा, वापरणाऱ्यांचे शेरे वाचा. दर बघताना त्यावर १८ टक्के जीएसटी धरलाय का तेही पाहा. रोजच्या मार्गावर तीन जागा पक्क्या करा: एक विमानतळाच्या बाजूला, एक स्टेशन-सीताबर्डीच्या आसपास, एक जिकडं तुम्हाला लांबची सवारी मिळते तिकडं, बुटीबोरी असो की कोराडी. तिन्ही ठिकाणी चार्जरची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, गाडीला एकदा लावून बघून ठेवा, गरज नसताना.

वेळ कुठली? उन्हाळ्यात एक ते चार सवारी नसते, म्हणून सगळे तेव्हाच चार्जिंगला जातात. नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत. मेअखेरच्या नवतप्यात उघड्यावरच्या चार्जरची केबिन आणि तुमची बॅटरी दोन्ही तापलेल्या असतात. मग ५० किलोवॅटची पाटी असलेला चार्जर निम्म्यावर येतो. खराब झाला म्हणून बटणं दाबत बसू नका, तो स्वतःला वाचवून राहिला आहे. छप्पर असलेली जागा शोधा, किंवा सकाळी अकराच्या आधी हप्ता घ्या. लांबून आल्या आल्या गाडी लावण्याऐवजी तर्री-पोहे खाऊन या आणि मग लावा. घरी रात्रीचं चार्जिंगही आल्याबरोबर नको. गाडीत टाइमर असेल आणि सकाळपर्यंतचा वेळ पुरत असेल तर अकरानंतर सुरू होऊ द्या.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर आठवड्यातून एकदा हळू चार्जिंगने पूर्ण १०० करा, नाहीतर टक्क्यांचा आकडा खोटं बोलायला लागतो. कोणती बॅटरी आहे ते पुस्तकात असतं.

गावाबाहेर

वर्धा, भंडारा, रामटेक ही एका चार्जमध्ये जाऊन येण्याची गावं. अमरावतीला दीडशे किलोमीटर, तिथं पोचल्यावर चार्जिंग धरूनच भाडं ठरवा. समृद्धीवर शिवमडक्याहून चढलात की पाय आवरा. कारला तिथं १२० ची मुभा आहे, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १२० ला जो पल्ला मिळतो तो ८५ च्या मानाने पार खाली येतो. बहुतेक टॅक्सींना वेग ८० वर अडवणारा गव्हर्नर असतो, त्यांना हा मोह नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धीवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी आहे. तरी फास्टॅगचा मेसेज उतरल्यावर वाचा, पैसे कापले गेले असतील तर लगेच तक्रार टाका. पुढचा चार्जर गाठायला जेवढे टक्के लागतील त्यावर वीस जास्त ठेवून निघा, कारण तिथला बंद निघाला तर त्याच्या पुढच्यापर्यंत जायचं आहे.

आणि पाहुण्यांकडं मुक्काम असेल तर पोर्टेबल चार्जर सोबत घ्या. लावण्याआधी तो तीन दिव्यांचा टेस्टर त्यांच्या सॉकेटमध्ये घाला. ज्या बोर्डावर कूलर चालू आहे त्यावर गाडी लावू नका, दुसरी लाइन मागा. एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच नको, कितीही आग्रह केला तरी. निघताना दहा-बारा युनिटचे पैसे काकूंच्या हातात ठेवून या. त्या घेणार नाहीत, मग पोराच्या खिशात टाका.